रेघेच्या वर

…पाणी नंतर. आधी इकडे बस. तिकडे नाही, माझ्या शेजारी, स्क्रीन दिसेल अशी. मोठ्या डॉक्टरांनी साडेचारपर्यंत वेळ दिलाय, तोवर तुझी लेखी कबुली माझ्या हातात पाहिजे, नाहीतर ते स्वतः खाली येतील — आणि ते आले की मी मध्ये पडणार नाही, आधीच सांगून ठेवते. कागद मी टाइप करून ठेवलाय, चार ओळी आहेत, तुला फक्त सही करायची आहे. पण समजून कर बाई. उद्या घरी जाऊन नवऱ्याच्या गळ्यात पडून म्हणशील, ताईंनी फसवलं. रडायचं आहे? रड. फक्त कीबोर्डवर नको.

ही फाइल ओळखतेस ना? साधा मजकूर. ना रंग, ना चौकटी — उभ्या काठ्या आणि आडव्या काड्या टाकून तक्ता केलाय, तो मी स्वतः केलाय, तू शाळेत होतीस तेव्हा. वर तक्ता, खाली कोड. तक्त्यात कोण? किडनीची वाट बघणारी माणसं, एका ओळीत एक — नाव, रक्तगट, किती दिवस थांबलाय. तक्त्याच्या डोक्यावर तक्त्याचं नाव लिहिलंय, कोड त्या नावानं हाक मारतो, तक्ता उचलतो, प्रत्येकाचे गुण काढतो आणि क्रम लावून देतो. किडनी आली की डॉक्टर तो क्रम बघतात. एवढंच. पण कोडला आपल्यासारखे डोळे आहेत का? नाहीत. पहिल्या ओळीत लिहिलेलं 'रक्तगट' हे कुणा माणसाचं नाव नाही हे त्याला कसं कळणार? म्हणून रेघ. पहिल्या ओळीखाली रेघ दिसली की तो समजतो हा मथळा — ती ओळ बाजूला काढतो, बाकीच्यांचे गुण मोजतो, आणि शेवटी तीच ओळ जशीच्या तशी निकालाच्या डोक्यावर परत चिकटवतो. हे तुला किती वेळा शिकवलं? तीन वेळा. तिसऱ्या वेळी तर वहीत उतरवून घेतलंस, खाली हिरव्या पेनानं अधोरेखितही केलंस. हुशार मुलगी!

आणि सोमवारी काय केलंस? मथळ्याची ओळ उडवलीस आणि तिच्या जागी, रेघेच्या वर, माझ्या भावाला, तुझ्या नवऱ्याला, नेऊन बसवलंस. का तर म्हणे त्याचा पहिला नंबर लागला! अकराशे त्रेचाळीस दिवस थांबून बाळ्याचं नाव यादीत पहिलं आलं, बाईसाहेबांना राहवेना, ते पानाच्या अगदी माथ्यावर दिसलं पाहिजे, मोबाइलवर फोटो काढून त्याला पाठवला पाहिजे. फोटो काढलास — मग परत जागेवर ठेवायला हात मोडले होते? फोन आला होता. कुणाचा फोन? तुझ्या आईचा. बघ, म्हणजे यातही माहेर आहेच.

मग तू बटण दाबलंस. कोडनं बघितलं — पहिली ओळ, खाली रेघ — मथळा! ठेवला बाजूला. माझा भाऊ मथळा झाला गं. त्याचे गुण मोजलेच नाहीत. आणि निकालाचा कागद छापून आला तेव्हा त्याच्या डोक्यावर बाळ्याचं नाव, सगळ्यात वर, ठळक. तू ते बघितलंस आणि खूश झालीस. डॉक्टर रेघेच्या वर कशाला बघतील? ते रेघेच्या खालून वाचायला सुरुवात करतात. गुरुवारी किडनी आली. खाली पहिला कोण? तो बेकरीवाला. साडेचारशे दिवसांचा. त्याला फोन गेला, तो आला, बसवली. नंतर तपासलं तर बाळ्यालाही जुळत होती — बाळ्यालाच जास्त जुळत होती. आता तो बेकरीवाला वरच्या मजल्यावर बसून सूप पितोय आणि माझा भाऊ खाली डायलिसिसवर, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, हातात दोन सुया. पुढची कधी येईल? वर्षभरात येईल, दोन वर्षांनी येईल, आणि तेवढं त्याचं हृदय टिकेल का, हे मला विचारू नकोस, तूच डॉक्टरांना विचार.

मान खाली घालू नकोस. मला तू पहिल्या दिवसापासून आवडली नाहीस, आता तोंडावर सांगते, आता कशाला लपवायचं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याचे डबे मी केले, त्याच्या परीक्षेला मी जागले, त्याच्यासाठी मी स्वतःचं — जाऊ दे. आणि तू आलीस आणि सहा महिन्यांत वेगळं घर. 'ताई, तुमच्यावर किती भार टाकायचा!' भार म्हणे. मग त्याच्या किडन्या गेल्या, तुझी नोकरी गेली, तेव्हा कोण आठवलं? तेव्हा भार नव्हता. नात्यातलं माणूस या खोलीत घेऊ नये असा नियम आहे, तरी मी शब्द टाकला, मोठ्या डॉक्टरांकडे नाक घासलं. तुझी किडनी द्यायला निघालीस, तीही जुळेना — निदान तेवढं तरी जमायचं! माझी? माझी जुळली असती कदाचित, पण मला रक्तदाब आहे. डॉक्टरांना विचार हवं तर. म्हणजे — मी विचारलं नाही त्यांना, पण माझं शरीर मला कळतं ना.

हं, घे पेन. वाच मोठ्यानं. नाही वाचत? मी वाचते. 'ही चूक सर्वस्वी माझी असून माझ्या वरिष्ठांना काल, शुक्रवारच्या बैठकीपर्यंत, तिची कल्पना नव्हती.' खरंच आहे ना? मोठ्या पडद्यावर फाइल मीच उघडली, सगळ्यांसमोर मीच दाखवलं — ही बघा रेघ, हा बघा माणूस. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला तर बघितल्या बघितल्या कळलं होतं. तेवीस वर्षं हा तक्ता बघतेय, मला फाइल उघडावीसुद्धा लागत नाही — बाळ्यानं मशीनवर पडल्या पडल्या तो फोटो दाखवला, 'ताई, बघ, सगळ्यात वर', आणि माझी नजर थेट तिथेच गेली. मथळा कुठाय? म्हटलं, झालं, बाईंनी घाण केली.

काय?

कधी म्हणजे? असाच, परवा कधीतरी. गुरुवारी नसेल. गुरुवारी त्याला झोप लागली होती… मंगळवार असेल. मग? मंगळवार तर मंगळवार. असं काय बघतेस? वर येऊन मी फाइल उघडली, खात्री केली, कोड चालवून बघितला — होय, नव्हता मोजला त्याला. आणि बंद केली. शुक्रवारी बैठक होती ना! तीनच दिवस. इथे महिना-महिना किडनी येत नाही, नेमकी गुरुवारीच येईल हे मला काय स्वप्न पडलं होतं? मी गुपचूप नीट केलं असतं तर तू सुटली असतीस, पुन्हा तेच केलं असतंस. कुणीतरी तुला सगळ्यांसमोर दाखवायलाच हवं होतं. मी त्याचं वाईट कशाला करीन, सांग ना — मी? तुला धडा मिळावा एवढंच मनात होतं. गुरुवारी किडनी आल्याचा फोन वाजला तेव्हा मी खुर्चीतून उठलेही होते, खोटं नाही सांगत. पण तेव्हा बोलले असते तर मलाच विचारलं असतं की बाई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं. बेकरीवाला तोवर निघालाही होता. वाटेत होता. मग काय करायचं होतं मी?

पेन का ठेवलंस? सही कर. अगं, कर सही, मी तुला काढून टाकू देणार नाही, दुसऱ्या खोलीत बसवीन, शब्द देते. पर्स कशाला घेतेस? कुठे निघालीस? त्याचं मशीन चारला सुटेल, अजून दहा मिनिटं आहेत. हे बघ, त्याला आज काही सांगायचं नाही, त्याचं रक्त पातळ झालेलं असतं, चक्कर येते त्याला. मी सांगते. माझ्या पद्धतीनं सांगते. थांब. तुला हात जोडते, थांब जरा. त्याला माझ्याशिवाय कोण आहे — अगं ऐक! लिफ्ट बंद आहे!

…हॅलो, डायलिसिस? यादी विभागातून बोलतेय. हो, मीच. चार नंबरच्या खाटेवर माझा भाऊ आहे ना, त्याची बायको जिन्यानं खाली येतेय, तिला आत सोडू नका. ताप आहे तिला. हो, खोकलापण. बाहेरच थांबवा, कितीही रडली तरी. त्याला न्यायला मी येतेय. आणि त्यानं विचारलं तर सांगा, ती आलीच नाही.