सातवी वाघीण

बायको: आता मागे फिरायचं नाही. दादा जिना चढतोय, धाप ऐकू येतेय त्याची.

ग्रंथपाल: अगं, तुझ्या भावाला बोलावू नकोस म्हणून किती विनवलं! उद्या सकाळी प्रदर्शन. आज त्यांनी खोट काढली तर मी काय करू?

बायको: काढू दे की. जन्मभर मालगाड्यांची खोट काढूनच पोट भरलं त्याने. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं दार लावून बसलात आणि मालगाडीचे हे बारा चिमुकले डबे, या बारा वाघिणी केल्यात. मला धरून तेरा. एकीला तरी बाहेरचा वारा लागू दे!

ग्रंथपाल: ते हसतील.

बायको: हसला तर दात दिसतील, दुसरं काय? ये रे दादा. जपून पाय टाक, खाली रूळ आहेत.

दादा: रूळ ओलांडायला मला शिकवतेस, चिमणे? काय जावईबापू, केस पिकले तरी खेळणी सुटत नाहीत म्हणे!

ग्रंथपाल: खेळणी नाहीत हो ती. म्हणजे... तशी आहेतच म्हणा. बसा ना.

दादा: बसून वाघीण तपासतात का कुठे? वाकावं लागतं. थांबा, चष्मा... अरे! साखळी, बफर, ब्रेकचा दांडा. दाराला कडीसुद्धा! कशाची केलीत?

ग्रंथपाल: टाचणीची.

दादा: आणि हा गंज?

ग्रंथपाल: विटेची पूड. वस्त्रगाळ.

बायको: ते वस्त्र म्हणजे माझा चांगला रुमाल होता, तेही सांगा.

(दादा पहिल्या वाघिणीपासून बाराव्या वाघिणीपर्यंत वाकत वाकत जातो, तसाच परत येतो आणि खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो.)

ग्रंथपाल: बघ. सांगितलं होतं ना मी?

बायको: दादा, पुरे! काय झालं ते तरी सांग.

दादा: जावईबापू, दाराच्या उजवीकडे ही खडूची खूण काढलीत. गोल, त्यात फुली, खाली तारीख. कुठून आणलीत?

ग्रंथपाल: फोटोवरून. तुमचाच फोटो, हिच्या अल्बममधला. तुम्ही हातोडी घेऊन वाघिणीसमोर उभे आहात तो. भिंगातून बघून उतरवली. तीन पुस्तकं चाळली, एकातही ती खूण नाही. म्हणूनच मला ती अस्सल वाटली.

दादा: अस्सल तर आहेच, माझ्याच हातची आहे ती! पण त्या खुणेचा अर्थ, वाघीण आजारी. भरू नये, हलवू नये. फोटो दुरुस्तीच्या रुळावर काढलेला. धावती गाडी काय फोटोला थांबते?

ग्रंथपाल: आणि मी ती...

दादा: बाराच्या बारांवर! एकाच तारखेला! अहो, ही मालगाडी नाही, दवाखान्याबाहेरची रांग आहे!

बायको: हसू नकोस रे. म्हणजे मला हसू येतंय म्हणून तू तरी हसू नकोस.

ग्रंथपाल: मी नाव मागे घेतो. तिथे कोणीतरी जाणकार येणारच. वर रोगण दिलंय, खूण पुसायला गेलो तर रंगही जाईल. फोन कुठाय?

बायको: फोन माझ्याजवळ आहे आणि तो मिळणार नाही.

ग्रंथपाल: तुला कळत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं मांडून ठेवली. पहिल्यांदाच स्वतःचं काही मांडणार होतो, त्यातही मेला हा घोटाळा.

दादा: जावईबापू, इकडे बघा. वाघीण बरी झाली की आम्ही खूण पुसत होतो असं वाटतं तुम्हाला? वेळ कोणाला होता? खुणेवर आडवी रेघ, शेजारी ‘ठीक’ आणि खाली सही. कितीतरी वाघिणी अशा जुन्या खुणा मिरवत गावोगाव फिरायच्या.

ग्रंथपाल: म्हणजे मी नुसती रेघ ओढली तर...

दादा: तुम्ही कोण ओढणार? ते काम तपासनिसाचं. चिमणे, बारीक कुंचला आण, पांढरा रंग आण. आणि एक चमचा.

बायको: चमचा कशाला?

दादा: तपासल्याशिवाय सही करायची? नोकरीत केली नाही, आता करू? चाकं कशाची आहेत?

ग्रंथपाल: पितळेची.

दादा: मग चमच्याने वाजवली की बोलतील. गप्प बसा दोघं... खणखणीत. पहिली ठीक. दुसरी ठीक. ही पण. काय सुरेख बसवलीत हो... सहावी ठीक. सातवी... अं हं.

ग्रंथपाल: काय?

दादा: मागचं डावं चाक. बद्द वाजतंय.

ग्रंथपाल: ते... ते निसटलं होतं. मी गोंदाने चिकटवलं. बाहेरून काहीच दिसत नाही हो!

दादा: दिसत नाही म्हणून तर वाजवायचं. अकरा ठीक, सातवी आजारी. हिची खूण राहू दे. उद्या हिला बाजूच्या रुळावर उभी करा. एकही वाघीण आजारी नाही असं यार्ड मी तरी पाहिलं नाही.

बायको: बाजूचा रूळ आहे का तुमच्याकडे?

ग्रंथपाल: आहे. रिकामाच ठेवला होता.

बायको: मग आता ती काड्यापेटी काढा.

ग्रंथपाल: कुठली काड्यापेटी?

बायको: खणात मागे लपवलेली. सगळं माहीत असतं मला. दादा, तूच उघड.

दादा: काय आहे? कापूस... माणूस आहे की! नखाएवढा. हातात काय, हातोडी? हा कोण?

ग्रंथपाल: फोटोतलेच तुम्ही. आधी तुम्हालाच केलं होतं. वाघिणी मग केल्या. पण तुम्हाला आवडेल की नाही कळेना, म्हणून मांडला नाही.

दादा: ...मिशा जरा जास्तच काळ्या केल्यात.

बायको: तेव्हा होत्याच तशा.

दादा: होत्या खऱ्या. जावईबापू, उद्या किती वाजता निघायचं?

ग्रंथपाल: तुम्ही येणार?

दादा: यायलाच हवं. आजारी वाघिणीपाशी माणूस उभा असावा लागतो.