मेढ्याची मेथी

(मेढ्याजवळचं मनाच्या आजाराचं केंद्र. कुंपणाच्या आत जयराज वाफ्यात बसलाय. बाहेर त्याचा बाप नाथाजी आणि बायको संयोगिता.)

नाथाजी : ह्येला वाफा म्हनायचा? बैल मुतल्यागत वाकडा गेलाय!

संयोगिता : हळू बोला आबा, त्यांना ऐकू जातंय.

नाथाजी : जाऊ दे की! कडेगावात ऊस तोडीला आलाय, आन पोरगं हितं डोंगरात मेथी लावतंय. म्हनं उपचार! मातीत हात घालून मानूस बरं झालं असतं, तर आमच्या गावात येडं कोन ऱ्हायलंच नसतं. बोलाव त्याला. घिऊन जायचंय.

संयोगिता : डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडे दिवस...

नाथाजी : त्या बाईला आदी ऊस आन मका वळखाय लाव! नवं काय सांगतीया? आमचा थोरला भाऊ, बाळासो, येड्यांच्या दवाखान्यात हुता, तवाबी खुरपंच दिलतं हातात. समद्या दवाखान्याला वांगी पुरवायचा. मग कोन तरी शाना सायेब आला. म्हनला, आजाऱ्यांना राबवताय व्हय? शेत बंद! आता दुसरं सायेब आलं. खुरपं त्येच, नाव तेवढं इंग्रजी, थेरपी का काय!

संयोगिता : शेत बंद झाल्यावर थोरले आबा काय करायचे?

नाथाजी : करतोय काय? भितीला टेकून बसायचा.

संयोगिता : आन त्याच्या आदी?

नाथाजी : आदी... भेटाय गेलं की बोलायचा. वांग्याचंच. डोस्कं खायचा नुसतं.

संयोगिता : मग?

नाथाजी : मग काय मग! मातीच उकरायची तर घरची उकरू दे की.

संयोगिता : घरी? घरी त्यांनी खुरपं धरलं की तुमी म्हणता, सरक, तुला न्हाई जमायचं. आन हातातनं हिसकावून घेता. फौजेतली पलटण सोडून आल्यापासनं एक शब्द बोललेत का ते तुमच्याशी?

नाथाजी : चुकतंय तर सांगायचं न्हाई व्हय? बघ, बघ! बी कसं मूठमूठ फेकतंय! दाट हून कुजंल समदं. आरं ए गाढवा, थांब, मी दावतो...

संयोगिता : आबा, आत नका जाऊ!

जयराज : आबा.

नाथाजी : ...आं?

जयराज : पाय काढा. तितं पेरलंय.

नाथाजी : हितं?

जयराज : व्हय. कडंनं या.

नाथाजी : कंच्या कडंनं? ...सांग की रं. तू सांगशील तसा येतो.