साहेबांचा चष्मा आणि ओढ्याचं पाणी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, ओढा संवर्धन समितीचे आदरणीय प्रमुख, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आज निवृत्त होणारे आपले व्यवस्थापक साहेब, त्यांचे कुटुंबीय आणि रंगखात्यापासून गोदामापर्यंतच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

प्रयोगशाळेच्या वतीने मी दोन शब्द बोलावेत, असं ठरलं आहे. साहेबांबद्दल चांगलंच बोला, अशी सूचनाही आहे. प्रयत्न करते.

साहेबांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही. कापड रंगवून उरलेलं पाणी ज्या टाकीत साठतं, तिथे ते रोज फेरी मारायचे. टाकी काठोकाठ भरलेली दिसली की चष्मा काढायचे आणि रुमालाने सावकाश पुसत बसायचे. बस्स. तो पुसून होईपर्यंत टाकीवाल्याने ओढ्याकडची झडप उघडलेली असायची. पाणी शुद्ध करायला यंत्र चालवावं लागतं, खर्च येतो. चष्मा पुसायला काय लागतं?

टाकीवाले हसतायत. हसा, आज मोकळीक आहे.

हे यांना शिकवलं कुणी? मी एकेकाला गाठून विचारलं. "कुणी नाही ताई. आधीचा करायचा, ते बघून मी." आणि आधीचा? त्याच्या आधीच्याला बघून. फळ्यावर एक अक्षर न लिहिता इतका पक्का झालेला धडा मी शाळेतही पाहिला नाही. ओढा एके दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी निळा. पलीकडच्या वस्तीतली लहान मुलं चित्रात पाणी रंगवायची तेव्हा विचारायची, "आज कुठला रंग?"

मग मासे मेले. चौकशी बसली. झडप उघडणारा हात माझ्या थोरल्या भावाचा होता. दादाने चष्म्याचं सांगितलं. त्यावर साहेब म्हणाले, "म्हणजे आता चष्माही पुसायचा नाही का मी?" चौकशीला बसलेले सगळे खो खो हसले. साहेब, तुमची विनोदबुद्धी तेव्हाही उत्तम होती. त्या एका विनोदात दादाची नोकरी गेली. दुकानदार त्याला "या, मासेमार!" म्हणू लागले. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, घरात कुणी चष्मा पुसायला घेतला तरी हे ताटावरून उठतात."

त्या दिवशी मी ठरवलं, साहेबांना निरोप आपणच द्यायचा. आणि त्यांच्याच पद्धतीने.

आपल्या टाकीवाल्यांत एक मौनी आहे. कधी बोलत नाही म्हणून मौनी. त्याला म्हटलं, "भाऊ, साहेबांनी चष्मा काढला की फक्त विचारायचं. पण मोठ्याने." दुसऱ्या दिवशी भर खात्यात मौनी ओरडला, "साहेब, टाकी भरली! झडप उघडू का? हो म्हणा, उघडतो!" साहेब चष्मा घालून निघून गेले. ते पुढच्या पाळीच्या माणसाने पाहिलं. त्यानेही विचारलं. त्याचं बघून तिसऱ्याने. मग पाहुण्यांना दाखवण्यापुरतं ठेवलेलं शुद्धीकरण यंत्र चालू करावंच लागलं. आता ओढ्याला पाण्याचाच रंग आहे.

आणि तो ओढा स्वच्छ केला म्हणून आज साहेब संवर्धन समितीचे नवे प्रमुख होणार!

साहेब, चष्मा राहू द्या डोळ्यांवर. आज बघायचं आहे.

समितीच्या आत्ताच्या प्रमुखांना विनंती, साहेबांची नियुक्ती जाहीर करण्याआधी उजवीकडच्या रांगा बघाव्यात. साहेबांना चष्मा पुसताना पाहून ज्यांनी झडप उघडली, त्यांनी कृपया उभं राहावं. ...धन्यवाद. अरे, निवृत्त झालेली मंडळीही उठली की! बसू नका, राहा उभे.

आता पुष्पगुच्छ. तो माझा दादा देणार आहे. ये रे दादा, पुढे ये. जागा द्या त्याला.

साहेब, गुच्छ जरूर घ्या. पण घेण्याआधी इथे येऊन एकच वाक्य बोला: "झडप माझ्या इशाऱ्यावर उघडायची." पुन्हा कामावर यायचं की नाही, ते दादा ठरवेल. मला वाक्य हवं आहे. घाई नाही. चहा त्यानंतरच आणायला सांगितला आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलताना मर्यादा ओलांडली गेली असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने मला माफ करावं. मी साहेबांना केलेलं नाही.

माइक त्यांच्याकडे देते.