घशात बोट

(दवाखान्याबाहेरचं बाकडं. आई, तिची नणंद, आणि आईच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी.)

आत्या : ...दाबली की गाठ बसते. आमच्या चौघा भावंडांच्या टॉन्सिल आईने अशाच बसवल्या.

आई : वन्सं, कारखान्यात तुम्ही बाटल्यांना झाकणं बसवता. हा माझ्या पोरीचा घसा आहे.

आत्या : अगं, पाणीसुद्धा गिळेना. मी काय हातावर हात धरून बसू?

आई : मी कामावर जाताना सांगितलं होतं, तापाचं औषध द्या, गार पाणी घोट घोट पाजा, चार वाजता मी दवाखान्यात नेते. एवढं लक्षात ठेवायला काय पदवी लागते?

आत्या : सगळं दिलं. तरी रडत होती.

आई : म्हणून घशात बोट घातलंत.

आत्या : अंगठी काढली होती.

आई : वा. उपकार झाले.

आत्या : डॉक्टरीणबाई आत काय म्हणाल्या?

आई : हिने एकदाच जरासा आ केला, तेवढ्यात ओरखडा दिसला. कशाचा, विचारत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे एक सर्जन राहायला आल्यात. आधीच तिथे सूज, वर तुमची नखं. आता घसा नीट पाहिल्याशिवाय औषध ठरवता येत नाही आणि ही दात आवळून बसलीय. बाईंच्या हातालाही चावली. शांत झाली की आणा म्हणाल्या.

आत्या : मी समजावते तिला.

आई : लांब राहा. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं पुरे झालं.

आत्या : बोल, बोल. आईने माझ्या टॉन्सिल दाबल्या तेव्हा मलाही दोघांनी धरून ठेवलं होतं. नंतर कितीतरी दिवस कुणी जवळ आलं की मी तोंडावर हात ठेवायचे.

आई : आणि हे ठाऊक असून हिला तेच केलंत?

आत्या : हो.

आई : धन्य आहे.

आत्या : तुझा मोबाइल दे जरा. बॅटरी लाव. बाळा, हे बघ माझं तोंड. घाल बोट, हवं तिथे.

मुलगी : चावशील.

आत्या : नाही चावणार. आ...

मुलगी : दुखलं?

आत्या : थोडं.

मुलगी : मग काढते.

आई : झालं तुमचं नाटक?

मुलगी : आई, चल. मी बाईंना आ करून दाखवते. आत्याने आत यायचं नाही.

आत्या : नाही येत. बसते इथेच.