लाल ठिपक्याचं बटन

मयुरी : दार ओढून घे. आई आत चहा ठेवतायत, त्यांच्या कानावर जायला नको.

रत्नदीप : घेतलं. पण वहिनी, फोनवर जे सांगितलं ते पुन्हा एकडाव सांगा. मले वाटलं माह्या ऐकण्यातच काही गडबड झाली.

मयुरी : काल संध्याकाळी मी ड्युटीवर होते. लॅबमध्ये मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पण काउंटरच्या कॉम्प्युटरवर माझा मेल उघडा असतो. त्यात अश्विनचा मेल आला.

रत्नदीप : जुना असन. कुठं अडकून राहते अन मंग येते कधी कधी.

मयुरी : तारीख कालची होती. नाव त्याचं. मजकूर त्याचाच, रोजचा. 'घरी आलो. आई जेवली. दार लावलं. अश्विन.' माझ्या हातातली ट्यूब खाली पडली. त्या पेशंटचं रक्त पुन्हा काढावं लागलं.

रत्नदीप : वहिनी, आपण बुद्धाची माणसं. भूतखेत आपल्याले शोभत नाही.

मयुरी : म्हणून तर तुला बोलावलं. शेजारच्या शोभाबाईंना सांगितलं असतं तर एव्हाना दारावर लिंबू-मिरची टांगली असती. तू त्याचा मित्र, त्याच्यासारखंच कॉम्प्युटरचं काम करणारा. तूच सांग, मेलेला माणूस मेल पाठवतो का?

रत्नदीप : नाही पाठवत. अन चूक माहीच दिसते. परवा कंपनीच्या फाईली काढाले आलतो, कॉपी होऊन राह्यली होती, म्हणून ह्याचा लॅपटॉप चालूच ठेवून गेलतो. त्याच्या आधी तो कपाटात होता ना?

मयुरी : तो गेला तेव्हापासून. मीच ठेवला होता. मला तो उघडायची हिंमत नव्हती.

रत्नदीप : पाहू द्या मंग. हे पाहा, तसाच काळा पडदा, लॅपटॉप चालू केला का हाच पहिले उघडते. सारी दुनिया माऊसनं मेल पाह्यते, हा बुवा हे 'मट' नावाचं मेलचं सॉफ्टवेअर घेऊन बसे. ना चित्र, ना रंग, नुसती अक्षरं. मी हसलो का म्हणे, बिल्डरचा फ्लॅट तुले मुबारक, मी माह्या हातानं घर बांधतो.

मयुरी : मला त्यातलं काही कळलं नाही कधी.

रत्नदीप : सोपं हाय. ही एक फाईल. आपल्याले जसं पाहिजे तसं हिच्यात लिहून ठेवाचं. ह्या वरच्या ओळी पाहा. 'माय-नाव', म्हंजे अश्विन. 'माय-मयुरी', म्हंजे तुमच्या मेलचा पत्ता. आपण ठेवलेल्या नावापुढं 'माय' लावाच लागते. डब्यावर चिठ्ठी लावतो ना, तसं. खाली कुठंही त्या डब्याचं नाव घेतलं का आतलं सामान हजर.

मयुरी : आणि कालचा मेल?

रत्नदीप : तो ह्या ओळीत हाय. ह्याले मॅक्रो म्हणतात. एक बटन दाबलं का दहा बटनं दाबल्याचं काम होते. एफ-फाइव्ह दाबा, नवीन मेल उघडते, तुमचा पत्ता टाकते, ही तीन वाक्यं लिहिते, खाली 'माय-नाव' मधलं नाव बसवते अन पाठवून देते.

मयुरी : आपोआप?

रत्नदीप : तेच त पाहून राह्यलो. टायमर कुठंच लावला नाही त्यानं. बटन कोणतरी दाबाच लागते.

मयुरी : मी लॅबमध्ये होते. तू तुझ्या घरी.

रत्नदीप : हो. पण तुम्ही एवढ्या काऊन घाबरल्या? एक चुकार मेल त आला.

मयुरी : मला कालच्या मेलची भीती नाही, रत्नदीप. त्या दिवशीच्या मेलची आहे.

रत्नदीप : कोणत्या?

मयुरी : तो गेला त्या दिवशीच्या. सकाळीच मोटरसायकल घेऊन रोहण्याला गेला होता, काकांकडे. तिथून दिवस असतानाच निघाला, असं काका म्हणतात. दिवाबत्तीच्या वेळेला मला मेल आला, 'घरी आलो'. आणि रात्री एका ट्रकवाल्याला तो आर्वी रोडवर सापडला. नाल्याजवळ, गाडी पाण्यात.

रत्नदीप : हे तुम्ही मले कधी सांगितलं नाही.

मयुरी : कोणालाच नाही. तो घरी आला होता ना? मग पुन्हा त्याच रस्त्यावर काय करत होता? पावसात? कोणाकडे चालला होता? माझ्या भावानं तर पुण्यानुमोदनाच्या आधीच विचारलं, तिकडे कोणी होतं का त्याचं. मी त्याच्यावर ओरडले. पण तो प्रश्न जाताना माझ्या उशाशी ठेवून गेला. पावसाळा संपला, हिवाळा गेला, मी रोज रात्री त्या रस्त्यानं जाते आणि अश्विन मला पाठमोरा दिसतो. वर्ध्याकडे यायच्या ऐवजी आर्वीकडे जाताना.

रत्नदीप : मावशीले विचारलं नाही?

मयुरी : त्या दिवशी विहारात वर्षावासाचं, पावसाळ्यातलं ग्रंथवाचन होतं. आई तिथे होत्या. आणि विचारून काय? त्यांच्याही मनात तेच आलं असतं. एका घरात दोघी बायका एकच शंका उरात धरून कशा राहणार?

रत्नदीप : थांबा. हा लाल ठिपका कायचा हाय, बटनावर?

मयुरी : माझी नेलपॉलिश. सांडली असेल त्याच्याकडून.

रत्नदीप : सांडली असती त चार बटनांवर सांडली असती. हा एकाच बटनावर हाय, बरोबर मधात. एफ-फाइव्हवर. अश्विन अंधारात टाईप करे, वहिनी. त्याले बटन ओळखाले ठिपका कायले लागते?

(अश्विनची आई तानाबाई चहा घेऊन आत येते.)

तानाबाई : घ्या. अद्रक टाकलं हाय. रत्नदीप, तुले साखर कमी टाकली, मांगच्या वेळी तू बोंबलत होता. अन हे दार काऊन लावून बसले?

रत्नदीप : मावशी, बसा इथं. हे लाल ठिपक्याचं बटन कोणाचं हाय?

तानाबाई : माहं.

मयुरी : तुमचं?

तानाबाई : अश्विननंच त लावला ठिपका. मले इंग्रजी कुठं येते? म्हणे, आई, लाल ठिपका दाबला का मयुरीले कळते का घरी सगळं ठीक हाय, मंग ती बिनघोर काम करते. पहिले तो सोताच दाबे. एक दिवस त्याले यवतमाळले उशीर झाला, त फोन केला, आई, तू दाबून दे. तवापासून मी दाबतो. तो घरी असला तरी म्हणे, दाब तुह्याच हातानं, तुह्या हाताले यश हाय.

मयुरी : रोज?

तानाबाई : तुही संध्याकाळची ड्युटी असन तवा. जेवण केलं, दार लावलं, बटन दाबलं. तुले माहीतच असन ना व माय. तुलेच त येत होतं ते.

मयुरी : काल पण तुम्हीच?

तानाबाई : हो. लई दिवसांनी पडदा चालू दिसला. तू ड्युटीवर होती. मी जेवली होती. दाबलं. काऊन, पोचलं नाई का?

मयुरी : पोचलं.

रत्नदीप : मावशी, त्यात 'घरी आलो' असं लिहिलं राहते. अन खाली अश्विनचं नाव.

तानाबाई : नाव त्याचं? दाबतो त मी.

रत्नदीप : मशीनले बोटं ओळखू येत नाही. नाव एकदा लिहून ठेवलं का कोणीही दाबो, त्याच्याच नावानं जाते. तुम्ही पहिल्यांदा दाबलं तवाच त्यानं हे बदलाले पाहिजे होतं. आळस केला लेकाच्यानं.

मयुरी : आई, एक विचारते. रागावू नका. तो गेला त्या दिवशीही तुम्हीच दाबलं?

तानाबाई : त्या दिवशी मले विहारात जाचं होतं. आभाळ भरून आलतं. म्हटलं पोरगी वाट पाहीन, म्हणून मी जेवली अन लवकरच दाबलं. मंग दार लावून निघाली.

मयुरी : आणि अश्विन?

तानाबाई : तो कुठं आलता? त्याचं ताट झाकून ठेवलं होतं मी. परत आली त ताट तसंच. मंग गल्लीतले माणसं आले.

मयुरी : म्हणजे तो घरी आलाच नव्हता.

तानाबाई : नाई व. तो घरीच येऊन राह्यलता.

मयुरी : घरीच येत होता.

तानाबाई : मंग कुठं जाईन? रोहण्याहून घराकडंच येऊन राह्यलता. तुले काय वाटलं?

मयुरी : मला काहीही वाटलं, आई. वाटू नये ते वाटलं. तो मेला त्याचं दुःख करायचं सोडून मी त्याच्यावर संशय घेत बसले. त्याच्या फोटोला हार घालताना सुद्धा मनात विचारायचे, कुठे चालला होतास.

तानाबाई : एकडाव विचारलं असतं मले.

मयुरी : हो. विचारायला हवं होतं.

तानाबाई : पण मी दाबलं नसतं त?

मयुरी : म्हणजे?

तानाबाई : तुले निरोप गेला नसता त तू फोन केला असता. त्यानं उचलला नसता त तू माणसं धाडली असती. तो त्या पाण्यात किती वेळ पडला असन, कोणाले ठाऊक. अन मी इथून कळवलं का तो घरी आला.

रत्नदीप : मावशी, असं नका म्हणू.

तानाबाई : तू चूप राय. ती सांगन. सांग, मयुरी.

मयुरी : खोटं नाही बोलणार. मेल पाहिला आणि मी निर्धास्त झाले. फोन लावला नाही. लावला असता की नाही, लावून काही झालं असतं की नाही, ते मला माहीत नाही. ते आता कोणालाच कळणार नाही. पण तुम्ही माझी काळजी मिटावी म्हणून दाबलं होतं. आणि खरं सांगू? दोन वर्षं मी त्या मेलवर संध्याकाळ काढत होते. त्यातले कोणते त्याचे आणि कोणते तुमचे?

तानाबाई : बहुतेक माहेच. त्याले कुठं ध्यान राहे.

मयुरी : मला ते नेहमी त्याचे वाटायचे.

तानाबाई : मंग रडू नको. तो घरी असतानाचे बी हायेत त्यात. मांगं बसून पाहे, म्हणे, शाब्बास आई.

रत्नदीप : वहिनी, मी हे काढून टाकू का? पुन्हा असा मेल जाणं बरं नाही. कोणालेही धक्का बसन.

मयुरी : मेल जाऊ दे. नाव बदलता येतं ना?

रत्नदीप : एकाच ठिकाणी बदलाचं हाय. वरच्या ओळीत.

मयुरी : तिथे आईंचं नाव लिही. आणि 'घरी आलो' काढ. 'मी जेवली, दार लावलं' एवढंच राहू दे. आज माझी ड्युटी आहे. मला कळायला हवं की घरी कोण आहे.

रत्नदीप : बोला मावशी, पूर्ण नाव टाकू का नुसतं तानाबाई?

तानाबाई : नुसतं टाक. पूर्ण नावानं मले राशनवालाच हाका मारते.

रत्नदीप : झालं. आता लाल ठिपका दाबला का तुमच्याच नावानं जाईन.

तानाबाई : अन त्याचं नाव?

रत्नदीप : त्याचं काढलं, मावशी.

तानाबाई : मंग तो आल्यावर त्यानं कोणतं बटन दाबाचं?

मयुरी : रत्नदीप, शेजारचं बटन रिकामं आहे का?