गाळात निजलेली मरळ

आमी मूळचे धनगर, साहेब, फुलंब्रीच्या पल्याडचे, मेंढरं घेऊन पार वेरूळच्या डोंगरापातूर हिंडायचो, आमच्यात मासा कुनी धरला नाय अन् मी बी धरला नसता, पन पैला मोठा दुष्काळ पडला, चारा गेला, पानी गेलं, मागोमाग मेंढरं गेली, तव्हा मालक म्हनले चल, शहराकडं काम हाय. मालक म्हंजे माझा नवरा, आता नायत ते. मंग या तळ्याच्या काठाला आमी पाल टाकलं, मालक रोज बांधकामावर जायचे अन् मी दिवसभर रिकामी. हातात काठी व्हती पन काठीम्होरं चालायला काय नव्हतं. काय सांगू तुमाला, मेंढरं नसली की काठी लई जड लागती.

म्हनून तुमाला हसत नाय मी. म्हंजे हसले, पन थोडंच. तुमच्यात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या वाचल्या, दफ्तरं लिहिली, घरात मासा शिजत नाय, अन् तुमी रिटायर झाले तर एवढी मोठी रॉड घेऊन मोटारीत आले अन् म्हनता मावशी, मरळ धरायला शिकवा, धरून परत सोडून देनार. सोडायचीच तर धरता कशाला, म्हनलं. तर तुमी म्हनले, तोच शौक हाय. असू द्या. मी बी अशीच परकी आले व्हते. मला दगडूमामांनी शिकवलं, भोई व्हते, म्हातारे, बाकी माशांना जाळं टाकायचे पन मरळीला गळच. पंधरा दिवस मी त्यांना गळ घातली, मामा शिकवा, मामा शिकवा, तर म्हनले, पोरी, गळ पान्यात घालतात, मानसाला नाय. पन शिकवलं.

तर आइका. आदुगर ती चकाकनारी टोपी काढा. सूर्व्या तोंडावर घ्या, मंग सावली मागं पडती, पान्यावर नाय. पाय आपटू नका, मरळीला जमिनीतून कळतं. गळाला बेडकी पाठीच्या कातडीतून अलगद ववायची, जिती ऱ्हायली पायजे, ती पाय मारती म्हनून तर मरळ येती. तुमच्या डब्यातली रबराची बी चालंल, इथल्या मरळीनं रबर पाह्यलं नाय अजून. टाकायची ती तिकडं, बेशरमीच्या झुडपाला लागून, अन् मरळीनं दातात धरली की लगीच हिसकायचं नाय, सगळे नवे तिथंच चुकतात. पानाला चुना लावून व्हईस्तोवर दम धरायचा, मंग वढायचं. मी पैल्या खेपंला अशी हिसकले की बेडकी येऊन माझ्याच गालावर बसली, मामा हसून हसून खोकलायला लागले.

अन् पान्यात तांबड्या पिल्लांचा घोळका दिसला, कुंकू सांडल्यावानी, तर तिथं गळ टाकायचा नाय. खाली मायबाप राखनीला असतात, तिथं काय बी पडलं तर भुकंनं नाय, रागानं धरतात. लई सोपं असतं, पन मामा म्हनायचे, पोरांसाठी धावलेल्याला मारायचं नाय. अन् दुसरी एक गोष्ट सांगितली व्हती. तळं आटलं म्हंजे मरळ मरत नाय. गाळात शिरती, वर भेगा पडतात अन् ती खाली निजून ऱ्हाती, पान्याची वाट बघत. काही लोक उकरून काढायचे, आयती. मामा म्हनायचे, निजलेल्याला उठवायचं नाय, ते बियानं हाय. मी कधी उकरली नाय. देवाच्यान कधी नाय.

आता जे सांगते ते कुनाला सांगितलं नाय. मामा गेले, मालक गेले, शहर पार इथवर आलं, जिथं आमची मेंढरं बसायची तिथं प्लॉटिंगचे दगड उभे ऱ्हायले, अन् मंग दुसरा दुष्काळ पडला, पैल्यापेक्षा बेकार. तळं कोरडंठक्क. टँकर तिसऱ्या दिशी यायचा, बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. तव्हा पोकलेन मशीन आली, म्हनले गाळ काढायचा, तळं खोल झालं की पानी टिकंल. साहेब, मी नाचायचीच बाकी व्हते. ड्रायव्हरला माझ्या हातचा चहा दिला. त्यानं इचारलं, मावशी, गाळ कुठं जास्ती हाय, तुमाला मालूम असंल. मी हात धरून दावलं. म्हनलं, बाबा, बेशरमीच्या अंगाला घे, पानी व्हतं तव्हा तिथं मांडीइतका पाय जायचा.

बेशरमीच्या अंगाला! पान्याच्या खुशीत मला मरळीची आठवनच ऱ्हायली नाय. जिंदगीभर ज्या गाळात मी हात घातला नाय तिथं मी मशीन घातली.

चार दिवसांनी प्लॉटिंगवरनं चालले व्हते. तिथं आपल्या तळ्याचा गाळ भरनीला टाकलेला, ढेकळंच ढेकळं. एका ढेकळातून शेपूट. मी खाली बसले, हातानं फोडलं, आत मरळ, वाळलेली. दुसरं फोडलं, त्यात बी. दुपारपातूर फोडत व्हते, वॉचमन म्हनला, बुढ्ढी, क्या ढूंढ रही? मी म्होरलं ढेकूळ घेतलं. शेवटी एक सापडली, तोंड हलवत व्हती. पदरात गुंडाळून आनली, टिपाडात ठेवली, माझ्या वाट्याच्या पान्यातलं पानी तिला. बाया बोलल्या मला, मानसाला प्यायला नाय अन् ही माशाला पाजती. बरूबर व्हतं त्यांचं. पावसाळ्यात तळ्यात सोडली.

पानी आलं, साहेब. पन मशीननं मांजऱ्या मातीचा, पानी धरून ठेवनारा चिकट थर पार खरवडून मुरूम उघडा केला, मंग पानी ऱ्हाईना, दिवाळी झाली अन् जिरायला लागलं. आता तुमाला दिसतंय तेवढंच डबकं उरलंय, ती त्याच्यात हाय. एकटी. जोडीदार नाय, पिल्लं व्हनार नायत. आता महिन्याभरात हे बी आटंल, अन् निजायला गाळ नाय. मुरमात कशी शिरंल?

म्हनून शिकवते तुमाला, शौकासाठी नाय. माझा हात थरथरतो, लई दिवस झाले, गळ टाकला तर झुडपातच अडकतो. तुमी मला गळ घातली ना, आता मी तुमाला घालते. गळाचा उलटा दात कानशीनं घासून टाका, तिला लागाया नको. धरली की हात वले करून धरा, या टिपाडात घाला, वर वलं पोतं, अन् तुमच्या गाडीत पैठनला न्या, नाथसागरात सोडा. तिथं गाळ हाय. तिथं तिच्या जातीची कुनी असतील.

ती वर येऊन हवा घेती तव्हा गुळ्ळकन वाजतं. मी रोज सकाळी आइकायला बसते. आठ दिवस झाले, वाजलं नाय. कान गेले असतील माझे, वय झालं.

जा, बसा, ऊन चढायच्या आत. तुमच्या हाताला येश येवो. अन् दुपारपातूर कायच नाय लागलं, तरी टिपाड गाडीत घाला, वर पोतं टाका, अन् जाताना मला म्हना, मावशी, नेली. मी पोतं उचलून बघनार नाय.