भास्करच्या नंबरातला शून्य

माहं गाव जळगाव जामोदजवळचं. एक पाय लहानपणीच पोलिओनं गेला, शेतात जाणं होईना म्हणून बापानं शाळेत घातलं, अन् पुढं अपंगाच्या कोट्यातून एसटी स्टँडासमोर फोनचा बूथ भेटला. काय सांगू तुम्हाले, लय रुबाब होता माहा. साऱ्या देशांचे कोड तोंडपाठ, कोणी विचारलं का न पाहता सांगो.

कौसाबाई बाजाराच्या दिवशी येत जाय. तिचा पोरगा भास्कर सौदीत पाईपच्या कामावर गेलता, लग्न नव्हतं झालं त्याचं. त्यानं चिठ्ठीत मोबाईलचा नंबर धाडला. मी तिले पयलेच सांगितलं, माय, मोबाईलले साध्या फोनहून जास्ती पैसे पडते, कामापुरतंच बोलजो. ती म्हणे हाव बापू, घरून घोकूनच आली मी.

मी देशाचा कोड लावो, त्यापुढं चिठ्ठीतला नंबर जसाच्या तसा. तिकून एक बाई अरबीत काही बोले, तेच तेच बोले, अन् फोन कटे. मी म्हटलं माय, हे मशीन बोलते. ती म्हणे मशीन कायची, गोड बोलते, तिथंच लग्न केलं असंन त्यानं. मीटरही पडे नाही, तर तिले वाटे त्या बाईनंच पैसे माफ केले. मंग ती तिलेच सांगत जाय, सूनबाई, भास्करले सांगजो, गाय व्याली, धाकटीले पोरगी झाली, बांधावरच्या बोरीले लय बोरं आली. फोन कटेपर्यंत सांगे. मी काचेबाहेरून ऐको, हसोही. कोणाले विचारून पाहावं असं मले एकदाही वाटलं नाही, मले सारं येते ना.

हिवाळ्यात खोकत आली. सूनबाई, मले आता काही बरं नाही, त्याले म्हणा एकदा येऊन भेटून जाय. फोन कटला तरी कानाले धरून बसली. पुढच्या बाजाराले तिचा पुतण्या आला, म्हणे काकू गेली, भास्करले चिठ्ठी टाकली.

त्याच आठवड्यात सौदीहून सुटीवर आलेला एक माणूस बूथवर बसला होता. माह्या वहीत उतरवलेला भास्करचा नंबर पाहून म्हणे, हा पयला शून्य काऊन लावला बे, इकून लावतानी तो सोडून द्या लागते.

मी शून्य सोडला. दुसऱ्याच घंटीले उचलला त्यानं. माय होय का वं? किती दिस वाट पाहून राह्यलो, काऊन फोन केला नाही तुनं?

मीटर पळून राह्यला होता. मंग सांगितलं, मी बूथवाला, तुही माय गेली बाबू, ती दर बाजाराले फोन करत होती, चूक माही होती. लय वेळ रडला तो. मंग म्हणे, काय सांगत होती? मी म्हटलं गाय व्याली, धाकटीले पोरगी झाली. एकेका बाजाराचं सांगितलं. शेवटचं भेटून जाय म्हटलेलं, तेही सांगितलं.

आता बूथ नाही. पोरं खिशातूनच परदेशात बोलते, चेहरा पाहून बोलते. बोला बाप्पा, सुखी राहा. भास्कर गावी आला का येते माह्या घरी. एका शब्दानं रागावला नाही कधी. चहा घेते, अन् म्हणते, काका, ते गायीचं सांगा. मी पुन्हा पयल्यापासून सांगतो.